ध्वनीची पोच

टपालाने पाठविलेली वस्तू इच्छित स्थळी पोचली, म्हणजे तिची पोचपावती मिळते. परंतु नभोवाणी केंद्रावरून निघालेला आवाज कोठवर पोचला, हे त्या केंद्राने कसे जाणावे? बोलणारा ध्वनिक्षेपकासमोर एकटाच बसलेला असतो; ऐकणारे त्याला दिसत नाहीत. दूरच्या एखाद्या श्रोत्याने ‘तुमचा आवाज येथे ऐकू आला’ असे पुराव्यासह कळवावे आणि केंद्राने ते पडताळून त्याला पोच द्यावी, या देवघेवीतून एक आगळा छंद जन्मास आला. अशा पोचपत्राला ‘क्यूएसएल’ म्हणतात. बिनतारी संदेशाच्या संकेतभाषेत ‘पोच मिळाली’ असाच या अक्षरांचा अर्थ आहे.

हा छंद नभोवाणीइतकाच जुना आहे. १९२४ साली शिकागो येथील एको नावाच्या कंपनीने निरनिराळ्या केंद्रांच्या नावांची सुबक तिकिटे छापली. श्रोत्याने ऐकलेल्या कार्यक्रमाचा वृत्तान्त आणि दहा सेंट केंद्राकडे पाठवावेत; वृत्तान्त खरा ठरल्यास केंद्राने त्याला तिकीट पाठवावे, अशी ती पद्धत होती. पुढे भारतातील आकाशवाणीनेही श्रोत्यांना पोचपत्रे दिली.

मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील पाचोऱ्यासारख्या गावी बसून शेकडो कोसांवरील केंद्र ऐकू यावे, हे घडते तरी कसे? मध्यम लहरी दिवसा मुख्यतः भूपृष्ठालगत प्रवास करतात. वर गेलेल्या लहरी सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवरील विद्युद्भारित थरात शोषल्या जातात. म्हणून पाचोऱ्याला दिवसा जळगावसारखे जवळचे केंद्रच स्पष्ट ऐकू यावे, हे स्वाभाविक होय. सूर्यास्तानंतर हा खालचा थर विरतो. मग त्याच लहरी अधिक उंचीवरील थरांपर्यंत जाऊन परावर्तित होतात आणि फार दूर भूमीवर उतरतात. हिवाळ्यातील लांब रात्री या छंदाला विशेष अनुकूल असतात, त्या यामुळेच.

१९०१ साली मार्कोनीने अटलांटिक महासागरापार संदेश पोचविला, तेव्हा पृथ्वीच्या वक्रतेवरून लहरी गेल्या कशा, हे कोडे पडले. आकाशात परावर्तक थर असावा, असे केनेली व हेविसाइड यांनी १९०२ साली सुचविले. अ‍ॅपलटनने १९२४ साली त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळविला. भारतात कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी या थरांचा सखोल अभ्यास केला.

आता छांदिष्टाचे काम पाहू. आपल्याकडे मध्यम लहरींची केंद्रे ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत, नऊ-नऊच्या अंतराने मांडलेली असतात. एकाच जागी दोन-तीन केंद्रांचे आवाज एकमेकांत मिसळतात. अशा वेळी रेडिओ हळूहळू फिरवावा. त्याच्या आतील आकाशक विशिष्ट दिशेचा आवाज अधिक ग्रहण करतो. त्यामुळे नको असलेले केंद्र क्षीण करता येते. विजेचे दिवे व यंत्रे यांची खरखर टाळण्यासाठी गावाबाहेरचे शेत अधिक सोयीचे.

केंद्र ओळखले, की नोंद करावी. तारीख, वेळ, कंप्रता, कार्यक्रमाचा तपशील, आवाजाची स्पष्टता आणि आपल्या रेडिओची माहिती तीत असावी. वेळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेनुसार देतात. ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. पाचोऱ्याला १० जानेवारीच्या रात्री एक वाजता ऐकलेला कार्यक्रम ९ जानेवारी, १९.३० असा लिहावा लागतो. येथे तारीखही बदलते, हे न विसरावे.

‘निवेदन झाले, नंतर गाणे लागले’ एवढे तर कोणीही न ऐकता लिहील. केंद्रातील अधिकारी आपल्या नोंदवहीशी वृत्तान्त ताडून पाहतात. म्हणून कोणत्या मिनिटाला काय ऐकले, कोठे आवाज बुडाला, कोणते शब्द कळले नाहीत, हे जसेच्या तसे लिहावे. केंद्राला खूश करण्यासाठी ‘फार छान ऐकू आले’ असे लिहिणारा श्रोता केंद्राच्या कामाचा नाही. दोष दाखविणारी खरी नोंदच अभियंत्याला उपयोगी पडते. न ऐकलेले ऐकले म्हणून मिळविलेले पत्र हे पोचपत्र नव्हे, ती आत्मवंचना होय.

या पत्रांना आता इतिहासाचेही मोल आले आहे. आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी १९८८ साली सुरू झाली. नागपूरचे १००० किलोवॅटचे प्रक्षेपक तिचे कार्यक्रम १५६६ किलोहर्ट्झवर दूरवर पोचवीत असे. २०१८ च्या अखेरीस ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. जगातील मध्यम लहरींची इतरही अनेक केंद्रे मूक झाली आहेत. त्यांचे आवाज हवेत विरले. परंतु ज्याने रात्र जागून ते ऐकले आणि प्रामाणिकपणे नोंदविले, त्याच्या संग्रहात त्यांची लेखी साक्ष उरली आहे.

अभ्यास
१. दूरची केंद्रे रात्रीच का ऐकू येतात?
२. ‘दोष दाखविणारी खरी नोंदच उपयोगी पडते’ हे विधान स्पष्ट करा.
३. ३ डिसेंबरच्या रात्री दोन वाजता ऐकलेल्या कार्यक्रमाची जागतिक वेळ व तारीख लिहा.