पवनचक्कीला वाऱ्याची अचूक दिशा

सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठारावरील पवनचक्क्या वाऱ्याकडे तोंड करून फिरतात. ही दिशा त्यांना माथ्यावरील वातकुक्कुटामुळे कळते. तथापि हे साधन पात्यांच्या मागे असल्याने पात्यांनी ढवळलेला वाराच त्याच्या वाट्याला येतो व काही अंशांची चूक राहू शकते. चूक १० अंशांची असल्यास मध्यम वाऱ्यात सुमारे ३ ते ४.५ टक्के वीज कमी मिळते. चक्की चालूच असल्याने हा तोटा सहसा ध्यानात येत नाही.

यावर ‘लायडर’ हे उपकरण उपयुक्त ठरते. चक्कीच्या माथ्यावरून ते समोरच्या हवेत लेसर किरण सोडते. सूक्ष्म धूलिकणांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या कंप्रतेतील फरकावरून पात्यांपर्यंत न पोहोचलेल्या वाऱ्याचा वेग व दिशा समजते.

लायडर महाग आहे, हे खरे. परंतु वातकुक्कुटाची चूक बहुधा एकसारखीच राहत असल्याने ते प्रत्येक चक्कीवर कायम बसविण्याचे कारण नाही. काही आठवडे मापन करावे, नियंत्रकात तेवढ्या अंशांची दुरुस्ती करावी आणि तेच उपकरण पुढील चक्कीवर न्यावे. वातकुक्कुट बदलल्यास मात्र फेरतपासणी आवश्यक ठरते. अशा रीतीने एकाच उपकरणाचा खर्च अनेक चक्क्यांत विभागला जातो आणि आहे त्याच चक्क्यांपासून अधिक वीज मिळू शकते.