धिंगरीला पाणी किती, उजेड किती

घरी धिंगरी अळिंबी लावणारे पहिला प्रश्न हमखास विचारतात, "दिवसातून पाणी किती वेळा मारायचं?" मी त्यांना विचारते, तुमच्याकडची हवा कोरडी आहे की दमट? पिशवीतल्या काडाचा ओलावा वेगळा आणि खोलीतल्या हवेचा वेगळा. या दोहोंची गल्लत झाली की हातातोंडाशी आलेलं पीक जातं. माझ्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये आणि चिपळूणला वन्संच्या पडवीत हे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

गव्हाचं काड किंवा भाताचा पेंढा रात्रभर भिजवतात, मग 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवून निथळवतात. सगळं पुढचं या निथळण्यावर अवलंबून. मूठभर काड घट्ट पिळल्यावर तळहात ओला व्हावा, पण थेंब गळू नयेत. तेव्हा ओलावा 65 ते 70 टक्क्यांच्या आसपास असतो. भर जुलैत चिपळूणला पेंढा पसरून ठेवला तरी निथळेना. तसाच स्पॉन (अळिंबीचं बियाणं) घालून भरला, तर आठवड्यात पिशव्यांच्या तळाशी पिवळट पाणी साचलं, आंबूस वास सुटला. वरच्या थरात स्पॉनची पांढरी वाढ छान, खाली मात्र हिरवी बुरशी. अशी पिशवी वाचवायच्या फंदात पडू नका. न उघडता घराबाहेर न्या, कारण हिरव्या बुरशीचे बीजाणू हवेतून शेजारच्या पिशव्यांवर बसतात.

पुण्यात मार्चमध्ये दुखणं उलटं. काड नेमकं ओलं होतं, पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या, टाचणीच्या डोक्याएवढे कोंबही फुटले. मग दुपारच्या कोरड्या हवेत ते कोंब टोकाकडून तपकिरी होत सुकले. अशा वेळी हात आपोआप फवाऱ्याकडे जातो. तो कोंबांवर धरू नका. भिंतींवर, जमिनीवर आणि भोवती टांगलेल्या गोणपाटावर धरा. कोंब फुटल्यापासून हवेत 80 ते 85 टक्के आर्द्रता लागते. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, तो घ्याच; अंदाजावर राहू नका. पंखा मात्र बंद.

कोकणात पावसाळ्यात ही आर्द्रता फुकट मिळते, तिथे पाणी मारणं हेच संकट. छत्रीवर पाण्याचा थर तासन्‌तास राहिला की पिवळे-तपकिरी डाग पडतात, छत्री बुळबुळीत होते. तो जिवाणूंचा रोग. वन्संनी फवारा आवरला, समोरासमोरच्या खिडक्यांना जाळी लावून त्या उघड्या ठेवल्या, आणि पुढच्या बहरात डाग दिसले नाहीत. फवारल्यावर तासा-दोन तासांत छत्र्यांवरचं पाणी सुकलं पाहिजे, एवढं ध्यानात ठेवा.

उजेडाबद्दल दोन टोकाचे समज आहेत. कुणी पिशव्या कपाटात कोंडतात, कुणी झाडासारख्या उन्हात ठेवतात. अळिंबी वनस्पती नाही. ती उजेडावर अन्न तयार करत नाही. तिचं पोट काडावर भरतं. स्पॉन पसरण्याचे पहिले पंधरा-वीस दिवस अंधार चालतो, किंबहुना बराच. पण पिशवी पूर्ण पांढरी झाली की छत्री धरण्यासाठी तिला उजेडाचा इशारा हवा. दिवसाचे काही तास, सहज वर्तमानपत्र वाचता येईल इतका; ट्यूबलाइटही चालते. थेट ऊन नको, पिशवी आतून तापते आणि कोंब वाळतात.

उजेड कमी पडला की देठ लांबट आणि छत्री बटणाएवढी, फिकट राहते. हवा कोंडून कार्बन डायऑक्साइड साचला तरी देठ तसेच लांबतात, म्हणून ट्यूबलाइट वाढवण्याआधी खिडकी उघडून बघा. खोलीत उजेड चांगला असून देठ ताणले जात असतील, तर दोष कोंडलेल्या हवेचा.

काढणी छत्रीच्या कडा वर वळायच्या आत करा, आणि काढायच्या आधी त्या दिवशी फवारा मारू नका. ओली अळिंबी फ्रीजमध्येही लवकर चिकट होते. उशीर झाला तर छत्र्या पांढऱ्या पिठासारखे बीजाणू सोडतात. त्यांनी खोकला येतो, दमेकऱ्यांना फार त्रास होतो. घरात असं कुणी असेल तर पिशव्या झोपायच्या खोलीजवळ ठेवूच नका आणि काढणी करताना स्वतःही मास्क लावा.