विद्यापीठाच्या दारावरची पाटी

चिंचोळी एमआयडीसीतून सोलापूरकडे निघालं की पुणे रस्त्याला केगाव लागतं. तिथं रस्त्यालगत एक मोठं आवार आहे. नाव आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. नाव लांब आहे. एसटीत बसून वाचू लागलं तर निम्मं नाव होईपर्यंत गाडी पुढं गेलेली असते. पण दोनचार वेळा जाता-येता पुरं वाचून होतं.

कारखान्यात कामाला जाणारी किती माणसं रोज इथून जातात! आत काय चालतं, असं आम्ही आमच्या साक्षरता वर्गात विचारलं. "पोरं शिकतात, परीक्षा देतात," असं उत्तर आलं. ते खरंच आहे. पण विद्यापीठात तेवढंच चालत नाही. तिथं व्याख्यानं होतात. चर्चा होतात. प्रदर्शनं भरतात. त्यातले काही कार्यक्रम फक्त विद्यार्थ्यांसाठी असतात. आणि काही सर्वांसाठी खुले असतात. सर्वांसाठी म्हणजे तुमच्यासाठीसुद्धा.

हे सांगितलं तेव्हा वर्गातल्या एक मावशी म्हणाल्या, "आमचं काय काम तिथं? आम्ही अडाणी माणसं." मावशींचा हा प्रश्न मनात धरूनच हा पाठ लिहिला आहे.

आधी नावाचंच बघू. अहिल्याबाई होळकर १७२५ साली चोंडी गावात जन्मल्या. हे गाव आज अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्यांनी १७६७ ते १७९५ अशी अठ्ठावीस वर्षं राज्य केलं. घाट बांधले, विहिरी खोदल्या, वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या काळी आजच्यासारखी विद्यापीठं आपल्याकडं नव्हतीच. सोलापूरचं विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. अहिल्यादेवींचं नाव २०१९ साली दिलं गेलं.

आता जळगावला चला. तिथल्या विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. बहिणाबाई शेतकरीण. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर दळताना, शेतात राबताना त्या गाणी रचायच्या. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी ती लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि पुढच्या वर्षी गाण्यांचं पुस्तक निघालं. आज मोठे मोठे प्राध्यापक त्या गाण्यांवर व्याख्यानं देतात. अमरावतीच्या विद्यापीठाला तर गाडगे महाराजांचं नाव आहे. हातात खराटा घेऊन गावं झाडणारा हा माणूस. ते कीर्तनात नुसतं सांगत नसत, समोर बसलेल्या लोकांनाच प्रश्न विचारत. लोक उत्तर देत आणि उत्तर देता देता शहाणे होत.

ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांची नावं विद्यापीठांच्या दारांवर आहेत. मग अक्षर शिकलेल्या माणसानं त्या दारात बिचकायचं काय कारण?

आणखी एक गोष्ट. हे विद्यापीठ सरकारी कायद्यानं उभं राहिलं आहे आणि त्याला सरकारचा पैसाही मिळतो. सरकारचा पैसा कुठून येतो? तुमच्या-आमच्या करातून. दुकानातून काडेपेटी घेता, तिच्या किमतीतही कर असतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नावाचा कायदा आहे. त्यात प्रत्येक विद्यापीठासाठी आजीवन अध्ययन व विस्तार मंडळ सांगितलं आहे. आजीवन अध्ययन म्हणजे जन्मभर शिकणं. विस्तार म्हणजे विद्या भिंतीबाहेर नेणं. आत गेलात तर उपकार मागायला गेलात असं होत नाही.

लोकांसाठी व्याख्यान ही काही आजची टूम नाही. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ती दीडशे वर्षं जुनी झाली. आणि ऐकण्याची सवय म्हणाल तर ती आपल्या जिल्ह्याला त्याहून जुनी आहे. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. कीर्तन ऐकायला रात्र रात्र मांडी घालून बसणारी माणसं आपली. व्याख्यान तासाभराचं असतं, शिवाय बसायला खुर्ची असते.

आता पाटी वाचायला शिकू. कार्यक्रमाची जाहिरात फलकावर लागते, वर्तमानपत्रात येते, मोबाइलवरही फिरते. खाली एक पाटी दिली आहे. ती खरी नाही, वाचायच्या सरावासाठी आम्ही बनवली आहे.

जाहीर व्याख्यान
विषय : नवे कामगार कायदे
वक्ते : कायद्याचे प्राध्यापक
दिनांक : ११ मार्च, बुधवार
वेळ : सकाळी ११ वाजता
स्थळ : सभागृह, पहिला मजला
प्रवेश : सर्वांना खुला

पहिला शब्द बघा. जाहीर म्हणजे लपूनछपून नाही, सगळ्यांसमोर. वक्ता म्हणजे बोलणारा. स्थळ म्हणजे जागा. इथं स्थळ म्हटलं म्हणून कुणी मुलगी बघायला जायचं नाही! तारीख आणि वार दोन्ही वाचा. आणि साल लिहिलं असेल तर तेही. कार्यक्रम होऊन गेला तरी पाटी भिंतीवर तशीच राहते. तीन महिन्यांपूर्वीची पाटी वाचून पदरचं भाडं घालवणारी माणसं असतात.

वेळ वाचून आपली पाळी बघा. सकाळी अकराला पहिल्या पाळीचा माणूस मशीनवर असतो. रात्रपाळीचा झोपलेला असतो. पण दुसऱ्या पाळीच्या माणसाला सकाळ मोकळी असते. ऐकून थेट कामावर जाता येतं. कामगारांवरचं व्याख्यान कामाच्या वेळेतच ठेवतात, हे आम्हाला काही पटत नाही. पण ते ठेवतात खरं. चारजणांनी मिळून कळवलं तर पुढच्या वेळी संध्याकाळी ठेवतीलही.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. 'प्रवेश सर्वांना खुला' असं असेल तर सरळ जा. 'नोंदणी आवश्यक' असेल तर आधी नाव द्यावं लागतं, कधी पैसेही भरावे लागतात. 'निमंत्रितांसाठी' असेल तर बोलावलेल्यांनीच जायचं. पदवी देण्याचा समारंभ असतो, त्याला दीक्षान्त समारंभ म्हणतात. तिथं उगाच जाऊ नये. मात्र आपली लेक पदवी घेणार असेल तर पासाची चौकशी तिला आधीच करायला सांगा.

कधी 'व्याख्यान' न लिहिता दुसरा शब्द असतो. परिसंवाद म्हणजे एका विषयावर तीन-चार जण आपापलं मत मांडतात. हा ऐकायला बरा, कारण त्यांचं आपसांत पटत नसेल तर दोन्ही बाजू कळतात. कार्यशाळेत हातानं करून बघायचं असतं. चर्चासत्र म्हणजे अभ्यासक लोक आपापले निबंध वाचतात. ते बहुधा त्यांचं त्यांनाच कळतं. तिथं पहिल्याच खेपेला जाऊ नका.

आता वरच्या विषयाकडं या. आम्ही तो मुद्दाम घेतला. केंद्र सरकारनं २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू केल्या. संहिता म्हणजे एकत्र बांधलेला कायदा. एकोणतीस जुने कायदे गेले आणि हे चार आले. एक पगाराचा. एक मालक-कामगार संबंधांचा. एक विमा, भविष्यनिर्वाह निधी अशा सुरक्षिततेचा. आणि एक कामाच्या जागी जिवाला धोका होऊ नये म्हणून. कामगाराला नेमणुकीचं पत्र दिलं पाहिजे, असं त्यात आहे.

नेमणुकीचं पत्र म्हणजे काय? तुमचं नाव, काम, पगार हे सगळं कागदावर. चिंचोळीत ठेकेदाराकडं काम करणाऱ्या आमच्या वर्गातल्या एका भावानं विचारलं, "गेली सहा वर्षं मी तोंडी बोलण्यावरच कामावर जातोय. मला पत्र मागता येईल का? मागितलं तर उद्या फाटकातून आत घेतील का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर पुस्तकात मिळत नाही. ते कायदा जाणणाऱ्या माणसाला समोर बसून विचारावं लागतं. आपल्यासारखे आणखी वीसजण तिथं बसलेले असले तर विचारायला धीरही येतो. व्याख्यानाला जायचं ते यासाठी.

जाताना भीती एकच असते. फाटकावरचा रखवालदार विचारतो, "कुणाकडं जायचंय?" यात रागावण्यासारखं काही नाही, त्याचं कामच ते आहे. "आजच्या व्याख्यानाला आलोय, सभागृह कुठं आहे?" असं स्पष्ट सांगा. पाटीचा फोटो मोबाइलवर असला तर दाखवा. कामाच्या कपड्यांवर असलात तरी लाजू नका. बायकांनी बचत गटातल्या चौघी-पाचजणी मिळून जावं. परतीची एसटी किंवा वडाप किती वाजता आहे, हे मात्र आधी बघून ठेवा.

सभागृहात मागच्या खुर्च्या आधी भरतात. तुम्ही मधे बसा, ऐकू नीट येतं. पहिला थोडा वेळ हार, शाल, नारळ आणि पाहुण्यांची ओळख यातच जातो. कंटाळून उठू नका, खरं बोलणं त्यानंतर सुरू होतं. जवळ वही-पेन्सिल असू द्या. सगळं लिहायला जाऊ नका. तीनच गोष्टी लिहा : नवा वाटलेला मुद्दा, न कळलेला शब्द आणि विचारायचा प्रश्न. अक्षर वाकडं आलं तरी चालतं, ती वही तुमचीच आहे.

वक्ता इंग्रजीत बोलू लागला तर? असं होतं. शेजारच्या विद्यार्थ्याला हळूच विचारा. पोरं मदत करतात. आणि प्रश्न मराठीत विचारायला काहीच हरकत नाही.

शेवटी अध्यक्ष म्हणतात, "कुणाला काही विचारायचं आहे का?" तेव्हा हात वर करा. उभं राहून गावाचं नाव सांगा आणि एकच प्रश्न विचारा, थोडक्यात. "साहेब, मी चिंचोळीहून आलो. ठेकेदारानं पत्र दिलं नाही तर तक्रार कुठं करायची?" बस, एवढंच. काहीजण प्रश्न म्हणून उठतात आणि आपलंच व्याख्यान सुरू करतात. त्यांच्यासारखं करू नका. आणि वक्ता बोलला ते सगळं खरंच, असंही धरू नका. पटलं नाही तर "असं का?" म्हणून विचारा. विचारलं म्हणून खरा अभ्यासक रागावत नाही.

पाटी केव्हा बघायची? वर्षातले काही दिवस ध्यानात ठेवा. त्यांच्या आगेमागे विद्यापीठांत, महाविद्यालयांत कार्यक्रम होतात. ३१ मे हा अहिल्यादेवींचा जन्मदिवस, १ ऑगस्ट हा सोलापूर विद्यापीठाचा स्थापना दिवस. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. लगेच दुसऱ्या दिवशी विज्ञान दिन. चंद्रशेखर रामन यांनी १९२८ साली याच दिवशी प्रकाशाविषयीचा आपला शोध जाहीर केला होता. विज्ञान दिनाला प्रदर्शन असलं तर पोरांना घेऊन जा.

१२ जानेवारी तर सोलापूरकरांनी विसरूच नये. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर इंग्रजांविरुद्ध उठलं. सरकारनं शहरात लष्करी कायदा पुकारला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली. ज्या शहराच्या बाजाराला आपण जातो, त्याची ही गोष्ट आहे. ती सांगणारा कुणी चांगला वक्ता असेल तर पाळी बदलून घेऊन जावं, इतकी ती ऐकण्यासारखी आहे.

शेतकऱ्यांसाठी केगावलाच आणखी एक ठिकाण आहे. तिथं २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. ते विद्यापीठाचा भाग नाही, वेगळी संस्था आहे. डाळिंबावरचा तेल्या रोग जंतूंमुळं होतो. पावसाच्या थेंबांबरोबर तो झाडावरून झाडावर जातो. रोगट कलमांतून आणि छाटणीच्या कात्रीतूनही पसरतो. म्हणून नुसती बुरशीची औषधं मारून तो जात नाही. हे दुकानदार सांगेलच असं नाही, त्याला बाटली विकायची असते. समोर बोलणाऱ्या शास्त्रज्ञाला आपल्याला काही विकायचं नसतं.

आता ही दुसरी पाटी. हीसुद्धा सरावाचीच आहे. पण ही आम्ही समजावून सांगत नाही, तुम्हीच वाचा.

शेतकरी कार्यशाळा
विषय : डाळिंबावरील तेल्या रोग
दिनांक : १८ जून, गुरुवार
वेळ : सकाळी १० ते दुपारी ४
प्रवेश : नोंदणी आवश्यक
नोंदणीची शेवटची तारीख : १० जून
सूचना : रोगट पानांचे व फळांचे फोटो सोबत आणावेत. दुपारच्या जेवणाची सोय आहे.

वाचून झालं? मग सांगा. १२ जूनला नाव द्यायला गेलं तर चालेल का? घरून डबा न्यावा लागेल का? कोणत्या पाळीचा माणूस सुटी न घेता पूर्ण वेळ बसू शकेल? या पाटीवर एक महत्त्वाची ओळ आम्ही मुद्दाम गाळली आहे. ती कोणती, पहिल्या पाटीशी ताडून बघा. ती ओळ नसेल तर घरून निघण्याआधी काय विचारून घ्याल?