शिकायला जा, पण निराधारचे पैसे सोडू नकोस

प्रिय सोनू,



काल तुझ्या आईशी बोलले. जीएनएम नर्सिंगचा फॉर्म भरायचं तुझ्या मनात आहे, पण "कॉलेजात नाव घातलं की निराधारचे पैसे बंद होतात" असं कुणी सांगितलं आणि तू गप्प बसलीस, असं ती म्हणाली. म्हणून सविस्तर लिहिते. फोनवरचं अर्धं विसरायला होतं, आणि यातलं बरंचसं तुला कागद समोर ठेवून करावं लागेल.

संजय गांधी निराधार योजनेत बघतात ते तुझं वय, राज्यातला रहिवास, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत आहे का, आणि तू विधवा, परित्यक्ता, दिव्यांग अशा कुठल्या गटात बसतेस ते. शिकणाऱ्या बाईला अनुदान नाही, अशी अट त्यात नाही. दर महिन्याचे १,५०० रुपये तुला शिकत नाहीस म्हणून मिळत नाहीत. घरातला कमावता माणूस गेला, उत्पन्न नाही, पोर लहान आहे म्हणून मिळतात. तू वर्गात जाऊन बसलीस तरी यातलं काही बदलत नाही. नोकरी लागल्यावर बदलेल, आणि तेव्हा तू स्वतः तहसीलला जाऊन कळव. तोवर हा पैसा तुझा हक्काचा आहे. तो घ्यायला लाजू नकोस आणि कुणाच्या भीतीने सोडूही नकोस.

अर्थात कायदा तुझ्या बाजूने असला तरी पैसे अडायचे ते कागदावरच अडतात. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत बायकांचं अनुदान शिक्षणामुळे थांबलेलं मी पाहिलं नाही. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही, उत्पन्नाचा दाखला जुना झाला, खातं बदललं, म्हणून थांबलेलं मात्र कितीदा पाहिलं. तू होस्टेलला असशील. गावात कोतवालाने निरोप दिला तर तुझ्यापर्यंत पोचायला चार दिवस लागतील. म्हणून जायच्या आधीच तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा आणि हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला यंदा कधीपर्यंत द्यायचा ते विचारून वहीत लिही. त्या सुमारास सुट्टी मागून ये.

खात्याचं नीट समजून घे, कारण इथे हमखास घोळ होतो. आता अनुदान थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतं. कॉलेजात गेल्यावर स्कॉलरशिपसाठी तिथल्या बँकेत नवं खातं काढायला सांगतील, आणि फॉर्मवर आधार जोडण्याच्या चौकटीत तू सहज टिक करशील. आधार अनेक खात्यांना जोडलेलं असलं तरी सरकारी पैसा सगळ्यात शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालं तिथेच जातो. म्हणजे निराधारचे पैसे त्या नव्या खात्यात पडत राहतील, आणि इकडे आई तुझं जुनं पासबुक भरून आणून म्हणेल, पैसे बंद झाले. मग ती तलाठ्याकडे जाईल, तो तहसीलला पाठवील. त्यापेक्षा जुनं खातंच स्कॉलरशिपला दे. नवं काढावंच लागलं तर सीडिंग कुठल्या बँकेत आहे ते आधी तपास. आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर काही झालं तरी बंद पडू देऊ नकोस. ओटीपी त्याच्यावरच येतो.

आता पिल्लूचं. वडील नसलेल्या मुलासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळतात, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. तू अजून अर्जच केलेला नाहीस, याचं मला खरंच वाईट वाटलं. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज दे. निराधारचे १,५०० आणि हे २,२५० मिळून ३,७५० होतात. आजीकडे राहणाऱ्या पोराचा दूध-दप्तराचा खर्च त्यात बराचसा भागेल, आणि तुला होस्टेलमध्ये रात्री झोप लागेल. चौकशीला घरी कुणी आलं तर मूल आजीकडे आहे आणि मी नर्सिंग शिकते आहे, असंच सांगायचं. दुसरं काही सांगायचं कारणच नाही.

हे खरं सांगण्यावरून लिहिते. सेतूत एखादा म्हणेल, निराधारला कमी उत्पन्नाचा दाखला काढू आणि स्कॉलरशिपला वेगळा. तसं अजिबात करू नकोस. स्कॉलरशिपची उत्पन्नमर्यादा निराधारच्या कितीतरी पट आहे, त्यामुळे तुझा एकच खरा दाखला दोन्हीकडे चालतो. लाडकी बहीण योजनेचा फॉर्मही कुणी भरून देतो म्हणालं तर नको म्हण. दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० मिळत असताना त्या योजनेचे पैसे घेता येत नाहीत, आणि पुढे वसुली लागली तर तू कॉलेजच्या फीसाठी जमवलेलेच पैसे जातील. कॉलेजात कुठे विद्यावेतन मिळणार असेल तर तेही लपवू नकोस. ते उत्पन्नात धरतात का, हे तहसीलदारांना साध्या अर्जाने विचार. अर्ज दोन प्रतींत ने, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख मारून घे, आणि ती प्रत फाईलमध्ये ठेव. तोंडी उत्तर देणारा बाबू उद्या बदलून जातो.

फीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं. २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, पण ती केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांना. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतलीस तर ती मिळणार नाही. तुला मिळणाऱ्या जागेला ती लागू आहे का, हे पैसे भरण्याआधी कॉलेजकडून लिहून घे.

सासरचे म्हणतात, या वयात कसली शाळा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा, अक्षरओळख मोठेपणी झालेली, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेलेल्या. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी विधवांना नर्सिंगला पाठवलं, ते तर शंभर वर्षांपूर्वीचं. या बायकांमागे कुणीतरी राहण्या-जेवणाची सोय उभी केली होती, म्हणून त्या शिकू शकल्या. तुझ्यामागे ती सोय सरकारी तिजोरीतून येते, एवढाच फरक.

वयाचं म्हणशील तर भीती वेगळीच आहे. जीएनएमला पस्तिशीनंतर प्रवेश नाही. तू बत्तिसाव्यात आहेस. यंदा "पुढच्या वर्षी बघू" म्हणालीस आणि पुढच्या वर्षी पिल्लूचं आजारपण निघालं, की दोन वर्षं गेलीच. तीन वर्षांचा अभ्यास आहे, आणि बारावीनंतरचा गॅप तुला प्रतिज्ञापत्रावर दाखवावा लागेल. तेही आत्ताच करून ठेव.

सोमवारी तहसीलला जा. रेशनकार्ड, आधार, यजमानांचा मृत्यूदाखला, तुझे दाखले, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन जा. मृत्यूदाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आज रात्रीच बघ. नसेल तर मला लगेच फोन कर, ते दुरुस्त करायला वेळ लागतो.

तुझी,
आत्या