एकच लेखन, तीन प्रणाली

विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तीन संगणकप्रणाली. एकीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीवर सहसा चालत नाही. वेबपानाचे तसे नाही. एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले पान तिन्हींवरील ब्राउझर जवळजवळ सारखेच दाखवितात. मग प्रोग्रॅमबरोबर ब्राउझरच बांधून दिला तर? गिटहबने २०१३ साली ‘ॲटम’ या आपल्या संपादकासाठी नेमके हेच केले. त्या सांगाड्यास २०१५ पासून ‘इलेक्ट्रॉन’ म्हणतात.

त्यात क्रोमियम पान दाखविते आणि नोड.जेएस, साध्या वेबपानास मनाई असलेली, फाइली वाचण्या-लिहिण्याची कामे करते. मुख्य प्रक्रिया खिडक्या उघडते. खिडकीतील पान वेगळ्या प्रक्रियेत चालते, आणि दोघींचा व्यवहार निरोपांवर. पानाच्या हाती नोडच्या साऱ्या किल्ल्या मात्र देऊ नयेत. बाहेरून आलेला मजकूरही त्याच पानात उतरतो! ‘प्रीलोड’ या मधल्या फाइलीतून लागेल तेवढीच मुभा द्यावी.

खरी अडचण वजनाची. असे चार प्रोग्रॅम उघडले म्हणजे चार ब्राउझर मेमरीत बसले. श्रम वाचतात लिहिणाऱ्याचे, भार वाहतो वापरणाऱ्याचा संगणक. आणि चार जीबी मेमरीचे जुने यंत्र ज्याच्या वाट्याला आले, त्याला कोणी विचारलेले नसते. ‘टाउरी’ (आवृत्ती १.०, २०२२) म्हणूनच ब्राउझर बरोबर न देता प्रणालीतील वेबव्ह्यू वापरते. प्रोग्रॅम बराच लहान होतो. मात्र तिन्हींचे वेबव्ह्यू निराळे, तेव्हा पान तिन्हीकडे तपासणे आले. साध्या नोंदवहीसारख्या प्रोग्रॅमसाठी तो त्रास लिहिणाऱ्यानेच घ्यावा, असे मला वाटते.