ब्लाउजच्या तारखेपासून उलट मोज

अगं, काल फोनवर तू "तेरा किलो" म्हणालीस तेव्हा मी मुद्दामच गप्प राहिले. स्पीकर चालू होता, शेजारी आई आणि काकू बसल्या होत्या, आणि वजनाचा विषय निघाला की आपल्या घरात ज्याला त्याला मत असतं. म्हणून आता निवांत लिहितेय, फक्त तुला.

६८ वरून ५५. हे ५५ आलं कुठून, सांग बरं? कॉलेजात असताना तू तेवढी होतीस, मला आठवतंय. पण तेव्हा मेसचं बेचव जेवण होतं आणि दिवसभराची पायपीट होती. साखरपुड्यात मामी "लग्नापर्यंत जरा बारीक हो हं" म्हणाल्या आणि तो जुना आकडा तुझ्या डोक्यात पुन्हा येऊन बसला. वजन उतरवायचंय ना, उतरवू या. फक्त आकडा मामींच्या बोलण्यावरून नको, कॅलेंडर बघून ठरवू.

हिशोब कर. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. तेरा किलोच्या झाल्या एक लाख. लग्नाला बारा आठवडे, म्हणजे ८४ दिवस. रोज जवळजवळ १२०० कॅलरींची तूट पाडावी लागेल. तुझ्या बैठ्या नोकरीत शरीर दिवसाला जाळतं सतराशे-अठराशे. मग तुझ्या ताटात उरलं काय? दोन पोळ्या, वाटीभर वरण, थोडी भाजी आणि एक चहा. एवढ्यावर ऑफिस, खरेदी, पत्रिकावाटप आणि होणाऱ्या सासरच्यांशी गोड बोलणं, सगळं निभावायचं! आणि हा झाला कागदावरचा हिशोब. खाणं फार तोडलं की शरीरही खर्च आवरतं घेतं, काटा त्याहून हळू सरकतो.

त्यातून एक गोष्ट कुणी सांगत नाही. उपासमार केली की केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी गळतात. आत्ता सुरू केलंस तर बरोबर डिसेंबरात, ऐन खोप्याच्या वेळी. झपाट्याने वजन उतरवणाऱ्यांना पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो. आणि ते फॅट बर्नर, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या असलं काही कुणी सुचवलं तर मला आधी फोन कर.

आता माझं गणित. आठवड्याला अर्धा किलो ही झेपणारी चाल, फार तर एक. पण तू बारा आठवडे धरतेस तिथेच चुकतेस. तुझी खरी तारीख लग्नाची नाहीच, ब्लाउजच्या शेवटच्या ट्रायलची आहे. शालू काय, नऊवारी काय, नेसवणारी कुठल्याही अंगावर नीट बसवते. अडतं ते ब्लाउजचं. ट्रायल लग्नाआधी दोन आठवडे. त्यानंतर वजन उतरलं तर खांदे ओघळतील, वाढलं तर हूक लागणार नाहीत. म्हणून ते दोन आठवडे फक्त आहे ते टिकवायचं. राहिले दहा. त्यातला एक दिवाळीचा; चकल्या-करंज्या समोर असताना तू हात आवरशील असं मला वाटत नाही, आणि आवरू नयेसही. एक आठवडा केळवणांचा धर. खरं तर दोन धरायला हवेत, कारण आपल्याकडे "दोन घास घे" याचा अर्थ मसालेभात, जिलबी आणि वर मठ्ठा. उरले आठ. आठ अर्धे चार. तुझं ध्येय ६४.

चारच? असं तोंड करू नकोस. ६८ मधले चार म्हणजे सहा टक्के, आणि वजन पाच टक्क्यांनी उतरलं तरी साखर आणि रक्तदाबावर चांगला परिणाम दिसतो. कंबरेत तर तुला नक्कीच जाणवेल. दंडाचं तेवढं वचन देत नाही. कुठली चरबी आधी जाणार हे शरीर ठरवतं, आपण नाही. बाही कोपरापर्यंत घे, तुला शोभते.

अर्ध्या किलोसाठी रोज साधारण ५५० कॅलरींची तूट लागते. ती उपाशी न राहता कशी पडते बघ. तुझे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. निम्मी केलीस तरी ऐंशी गेल्या. चार वाजताचा कॅन्टीनचा वडापाव आठवड्यातून एकदाच ठेव, बाकी दिवस मूठभर फुटाणे. रात्री एक पोळी कमी आणि त्या जागी मटकीची किंवा मुगाची उसळ वाढवून, म्हणजे पोट भरेल. आणि पाऊण तास भरभर चालणं. झालं की! जमलं तर आठवड्यातून दोनदा डंबेल्स उचल, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात.

नवरात्राचे उपवास वजनासाठी करत असशील तर राहू दे. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, वर दाण्याचं कूट आणि तूप. देवीसाठी करायचे तर कर, तो वेगळा विषय.

ऑफिसातली मैत्रीण डॉ. दीक्षितांचा आहार सांगतेय ना, दिवसातून दोनदाच आणि दर वेळी पंचावन्न मिनिटांत जेवण्याचा? जमतं कुणाकुणाला. पण तू अकरा वाजता भूक लागली की कुणावरही खेकसतेस, आणि केळवणाच्या घरी घड्याळ लावून जेवणं तुझ्याच्याने व्हायचं नाही. लग्नानंतर करून बघ हवं तर.

वजन आठवड्यातून एकदाच कर, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर हुरळू नकोस. भात-पोळी कमी झाली की आधी साठवणीतलं ग्लायकोजेन संपतं आणि त्याच्या एका ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी निघून जातं. पाळीच्या आधी किलोभर वाढलं तर रडू नकोस, तेही पाणीच. आणि पाळी मागेपुढे होते म्हणालीस, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना दाखव. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. थायरॉइड मंद असेल तर आधी त्याचा इलाज.

कापड या शनिवारीच टाकून ये. लग्नसराईत शिवणाऱ्या बायका नंतर कुणाला उभं करत नाहीत. मापं मात्र दिवाळीनंतर दे आणि दोन्ही कडांना इंचभर माया ठेवायला सांग. "बारीक होणार आहे, घट्टच शिवा" असं चुकूनही म्हणू नकोस.

मामींना काय सांगायचं ते माझ्यावर सोड. माझ्याकडचं केळवण मी ट्रायलनंतरच्या रविवारी ठेवलंय. बासुंदी रद्द केली, श्रीखंड आहे. दोन वाट्या खाल्ल्यास तरी मी मोजणार नाही, फक्त पुरी बेताने घे.