अर्ज आत्ता कोणाच्या टेबलावर आहे?

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रत्येक गटाला एक जीएफएम, म्हणजे गार्डियन फॅकल्टी मेंबर, असायचे. कागदावर ते आमचे पालक. महिन्यातून एकदा ते वही फिरवायचे. हजेरी, युनिट टेस्टचे मार्क आणि शेवटी ‘अडचणी’ असा रकाना. त्यात आम्ही सगळे एका ओळीत ‘नाही’ लिहून सही ठोकायचो. नॅकची समिती यायची तेव्हा ती वही मात्र मानाने टेबलावर मांडली जायची.

माझं एक वर्ष ‘सेंड बॅक’ने खाल्लं. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. आपण भरलेला अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथे कागदपत्रं पाहिली जातात, मग तो संबंधित खात्याकडे सरकतो. काही खटकलं तर कॉलेज किंवा खातं तो परत पाठवतं. दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवला नाही, तर तो तिथेच पडून राहतो.

मी बीड जिल्ह्यातून पुण्याला आलेली. अर्ज तालुक्याच्या नेट कॅफेत भरला होता. ओटीपी पटकन मिळावा म्हणून कॅफेवाल्या दादाने मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. बारावीनंतर सीईटी पुन्हा देण्यात माझं एक वर्ष गेलं होतं, त्याचं गॅप सर्टिफिकेट स्कॅनमध्ये पुसट आलं. कॉलेजने अर्ज परत पाठवला, मेसेज दादाच्या फोनवर गेला. अ‍ॅडमिशनच्या दिवसांत त्याच्या फोनवर अशा मेसेजचा पाऊस. त्याला तरी काय दोष द्यायचा?

मला कळलं ते परीक्षेचा फॉर्म भरताना. ओबीसी म्हणून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम तेव्हा सरकारकडून मिळायची. ती येणार नाही असं दिसताच अकाउंटने पूर्ण फी मागितली आणि फॉर्मवरची सही अडवली. स्कॉलरशिपची खिडकी म्हणाली, पोर्टल बंद झालंय, खात्याला विचारा. खात्याच्या कार्यालयात सांगितलं, कॉलेजकडून या. जीएफएम म्हणाले, आधी बोलायचं ना. यातला कोणीही खोटं बोलत नव्हता. प्रत्येकाला आपापल्या टेबलापुरतं ठाऊक होतं आणि पूर्ण गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. या फेऱ्यांत विलंब शुल्काची तारीख गेली, मग अतिविलंब शुल्काची. सेमिस्टर हुकलं, त्याचे विषय पुढच्या डोक्यावर बसले आणि शेवटी इयर डाउन.

वाट सापडली ती विद्यार्थी विकास अधिकारी असलेल्या मॅडमकडे. त्यांच्याकडे मी ‘कमवा आणि शिका’चं काम मागायला गेले होते, रडगाणं सांगायला नव्हे. त्यांनी ‘काय झालं गं?’ असं विचारलंच नाही. विचारलं, ‘अर्ज आत्ता कोणाच्या टेबलावर आहे?’ मला सांगता येईना. मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. प्राचार्यांच्या नावे अर्ज, तारीखवार घडलेलं, शेवटी एकच मागणी: फी हप्त्यांत भरू द्यावी. दोन प्रती. एक आवक-जावकला द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती जपून ठेवायची. तोंडी मला हाकलणाऱ्यांना आता लेखी उत्तर द्यावं लागणार होतं. हप्ते मिळाले. गेलेलं वर्ष काही परत आलं नाही.

आता अ‍ॅडमिशनच्या दिवसांत गावाकडची पोरं मला फोन करतात. त्यांना मी पहिलं विचारते, की अर्जात नंबर कोणाचा आहे. नंबर आणि ईमेल स्वतःचाच हवा, पासवर्ड वहीत लिहिलेला हवा आणि अर्ज मंजूर होईपर्यंत आठवड्याला एकदा लॉगिन करून तो कुठे पोहोचला ते बघायलाच हवं. मेसेजच्या भरवशावर राहू नका. दुसरं बँकेचं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, तुम्ही पासबुक दाखवता त्या खात्यात जातीलच असं नाही. शाळेत असताना काढलेलं आणि पुढे विसरलेलं खातं जोडलेलं असलं तर रक्कम तिकडे जाऊन बसते. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर निकालाआधीच काढा. नंतर तहसीलला पाय ठेवायला जागा नसते. आणि शिष्यवृत्ती एकदा मिळाली म्हणजे कायमची झाली, असं समजू नका. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

योजनाही बदलत राहतात. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं. अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे. तिचा अर्ज वेगळा. सीनियरने सांगितलेली माहिती दोन वर्षं शिळी असू शकते, हे धरूनच चाला.

एक हत्यार आज तुमच्या हातात आहे. यूजीसीच्या २०२३च्या तक्रार निवारण विनियमांत शिष्यवृत्तीला होणारा उशीर आणि अडवून ठेवलेली कागदपत्रं या दोन्ही गोष्टी तक्रार म्हणून मोजल्या जातात. कॉलेजच्या समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झालं नाही तर १५ दिवसांच्या आत लोकपालाकडे दाद मागता येते. तिथे तुमची पोच लागेल. ‘मी तीनदा भेटलो’ याला कागदावर किंमत शून्य.

मनाचं राहिलं. त्या महिन्यांत मी मेसला जाणं टाळू लागले होते, कारण तिथे कोणी ना कोणी निकालाचं विचारायचं. कॉलेजात समुपदेशकांची खोली होती, पण प्राचार्यांच्या केबिनला अगदी खेटून. तिथे कोण जाणार? तुमच्या कॉलेजातही तसंच असेल तर टेली मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. सरकारी आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. रूममेटने जेवण सोडलं असेल तर तुम्हीही तिथे फोन लावू शकता. आणि जीएफएमची वही पुढे आली की त्या रकान्यात ‘फी’ एवढं जरी लिहिलंत, तरी खाली त्यांची तारखेसह सही येते. फोटो काढून ठेवा.